तीन नावांचं विमान

८ जानेवारी

भाऊजी,

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं, मग स्टोव्हवर ह्यांच्या अंघोळीचं पातेलं चढवलं आणि ते तापेपर्यंत ह्यांच्या बुटांना पॉलिश करायला बसले. एका बुटाची लेस तुटली होती, ती गाठ मारून ओवली. चिमी वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे उभी होती आणि तिचा एक पाय काही जमिनीवर ठरत नव्हता. आरशापुढे दाढी करता करता हे म्हणाले, ‘आज लवकर येतो.’ मी म्हटलं, ‘सवतीला विचारलंत का?’ हे हसले, तर गालाला पातं लागलं. मी तुरटी शोधत होते तोवर गाडी आली आणि हे तसेच गेले.

सवत म्हणजे ते विमान, हे तुम्हाला सांगायला नको. घरात मी त्याला दुसरं नाव कधी दिलंच नाही. सरकारी, दोन इंजिनांचं, कधी माणसं न्यायची, कधी पोती, कधी कुठल्या साहेबांचं सामान. दोघं वैमानिक आळीपाळीने बदलत, पण त्याच्यासोबत जाणारा मेकॅनिक एकच, ते हे. रविवारीसुद्धा त्याची विचारपूस करायला जायचे. डोंगरातल्या आखूड धावपट्टीवर उतरताना त्याचं डावं चाक मोडलं, विमान फिरलं आणि खडकावर गेलं. वैमानिक वाचला. आमचा माणूस गेला. तेरावा होण्याआधी तुम्ही मला सांगितलंत, ‘वहिनी, ते विमान मोडीत काढलं.’ मला बरं वाटलं होतं. कोणाचं वाईट झालेलं ऐकून बरं वाटावं अशी मी बाई नाही, पण तेव्हा वाटलं.

आता चिमीचं. ती नर्स झाली हे तुम्हाला माहीत आहेच. तिची आता आरोग्य खात्याच्या विमानावर निवड झाली आहे. डोंगरापलीकडून आजारी माणसं आणायची. पाच फेब्रुवारीला तिची पहिली फेरी. परवा विमान पाहून आली आणि सहज म्हणाली, ‘आई, पांढरंशुभ्र आहे, पण आतली जमीन गार पडते. स्ट्रेचरखाली एक गोल पत्रा ठोकलाय, तिथून वारा येतो.’

आमच्या विमानालाही असा गोल पत्रा होता. आधी ते जमीन मोजणाऱ्या खात्याकडे होतं, तेव्हा तिथून कॅमेरा खाली सोडत. तिथे बसलं की पोट गार पडतं, असं हे म्हणायचे.

तुम्ही मोठ्या वर्कशॉपमध्ये आहात, सगळी सरकारी विमानं तुमच्या हाताखालून जातात. फोनवर तुम्ही ‘हो वहिनी, बघतो वहिनी’ म्हणता आणि ठेवता, म्हणून लिहिते आहे. एवढंच सांगा, हे तेच आहे का?

धाकटीला आठवण सांगा.

तुमची वहिनी

१३ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून ही म्हणाली, ‘मोठ्या जाऊबाईंनी पोलिसात नोकरी करायला हवी होती.’ मी म्हटलं, पोलिसांची काय बिशाद!

अहो, त्या जातीची विमानं सरकारकडे बरीच होती. गोल पत्रा एकालाच असतो असं थोडंच आहे? मोटारीचा दरवाजा पाहून ती कुणाची हे कसं सांगणार? शेपटीवरची अक्षरं पाहा, ती वेगळी आहेत. दादाच्या विमानाची अक्षरं केव्हाच रद्द झाली, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

चिमीचं मनापासून कौतुक. शंभर मुलींतून निवडली गेली, दादा असता तर पेढ्यांच्या परातीच वाटल्या असत्या. पोरीच्या मनात नसतं भरवू नका. तुम्हीही जिवाला घोर लावून घेऊ नका. गुडघ्याचं औषध चालू आहे ना?

तुमचा,
भाऊजी

२१ जानेवारी

भाऊजी,

गुडघा ठीक आहे. त्याच गुडघ्याने मी विमानतळावर चालत जाऊन आले.

चिमी जेवणाचा डबा घरी विसरली होती. विसरली म्हणजे मीच तो तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. गेटवरचा शिपाई ह्यांच्या वेळचा, त्याने सोडलं. शेडमध्ये विमान उभं होतं. चिमी आत औषधं लावत होती. मी मागच्या दारातून चढायला गेले आणि आधाराला आतली मूठ धरली.

भाऊजी, त्या मुठीवर चामडं गुंडाळलेलं आहे. तपकिरी, हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. ती माझ्या पर्सची पट्टी आहे. पर्स फाटली तेव्हा हे म्हणाले होते, ‘दे इकडे, थंडीत ती मूठ हाताला चावते.’ घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून मीच हिरव्याने शिवून दिली आणि वर बोलले, ‘आता माझी पर्ससुद्धा सवतीला.’ शिवण माझीच आहे. माझे टाके तिरके पडतात, मला ते दुरूनही ओळखू येतात.

मी खाली उतरले आणि शेडमधल्या पेंटरला विचारलं, ‘दादा, ह्या विमानाचं जुनं नाव काय हो?’ तो डबा ढवळत म्हणाला, ‘कुठलं जुनं? मी येण्याआधीचं, की मी पुसलेलं? ह्याचं नाव मीच दोनदा बदललंय, बाई. माझ्या बायकोनं लग्नात एकदाच बदललं, तरी अजून ऐकवते.’ आधी जमीन मोजणी, मग वनखातं, आता आरोग्य. प्रत्येक वेळी शेपटीवर नवी अक्षरं. मी म्हटलं, ‘आणि चाकं?’ तो ढवळायचा थांबला. म्हणाला, ‘चाकाचं मला विचारू नका. मी रंगवणारा माणूस.’

मी शाळा फारशी पाहिली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. सामानाला गुंडाळून आलेल्या कागदांवर वाचायला शिकले. आता वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधते, आणि बांधताना वाचायचं नाही असा काही नियम नाही. मोजणी खात्याचं विमान गवताच्या मैदानावर कलंडलं, डावं चाक खड्ड्यात गेलं, अशी बातमी आहे. वनखात्याकडे असताना ह्यांचं झालं ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा वाऱ्याचं नाव घेतलं होतं. आरोग्य खात्याचं मागच्या थंडीत धावपट्टीवरून घसरलं, वैमानिकाने जोरात उतरवलं म्हणे. तेही डाव्या चाकावर बसलं होतं.

एकदा खड्डा, एकदा वारा, एकदा वैमानिक. चाक मात्र दर वेळी डावं.

चिमीला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘आई, तुला प्रत्येक विमानात बाबा दिसतात.’ मी पट्टीचं सांगितलं. तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, ‘बरं, असेल तेच. मागच्या नेमणुकीत एक बाळंतीण घाटात, गाडीत, माझ्या मांडीवर गेली. विमान असतं तर ती वाचली असती. मी जाणार.’ तिच्या बापाची मुलगी आहे.

तिला मी थांबवू शकत नाही. विमान तुम्ही थांबवू शकता. माझ्याशी खोटं बोललात ते मी सोडून दिलं. पण आता थांबवा.

वहिनी

२५ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुम्ही शेडमध्ये जायला नको होतं. तिथे नुसतं बोट लावलं तरी चौकशी होते, आणि तुम्ही पेंटरची मुलाखत घेऊन आलात! त्याला आता समज मिळाली आहे.

आहे, तेच आहे. तेव्हा तुम्ही अन्न सोडलं होतं, काहीतरी बोलून तुम्हाला उठवायचं होतं. मोडीत काढलं म्हटल्यावर तुम्ही दोन घास खाल्ले. मग ते परत घेणार कसं?

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. विमान एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेलं की त्याला नवी अक्षरं मिळतात. अपघाताची नोंद अक्षरांच्या नावाने होते. जुनी अक्षरं रद्द झाली की ती नोंद जुन्या खात्याच्या कपाटात राहते, नव्या खात्याला नोंदींचा कोरा तक्ता मिळतो. कारखान्याने ठोकलेला नंबर जन्मभर एकच असतो, पण त्या नंबराने तक्ता काढायची पद्धतच नाही. यात कोणी काही लपवलं नाही, वहिनी. सगळे नियमाने वागले. मोजणीवाल्यांचा एक अपघात, वनवाल्यांचा एक, आरोग्याचा एक. एकेक सगळ्यांनाच होतो.

आणि डाव्या चाकाची धास्ती सोडा. मागच्या थंडीत त्या चाकाचा अख्खा पाय मी माझ्या हाताने नवा बसवला आहे, खोक्यातून काढून. दादाची शपथ. बैठक तेवढी राहिली, ती पुढच्या मोठ्या तपासणीत होईलच. पण पाय एकदम पक्का.

आता शांत झोपा.

भाऊजी

२८ जानेवारी

भाऊजी,

बैठक म्हणजे काय?

मी इतके दिवस चाक चाक करत बसले आणि तुम्ही नव्या पायासाठी ह्यांची शपथ घेता. पाय ज्यात बसतो ती जागा ना? ह्यांनी मला एकदा कपाटाच्या बिजागरीवर समजावलं होतं. दार नवं आणून उपयोग नाही, चौकटच खिळखिळी असेल तर. तीच ना?

ती कोणी कधी उघडून पाहिली आहे का? मोजणीवाल्यांनी? वनवाल्यांनी? ह्यांना खडकावरून काढल्यावर तरी?

पाच तारीख आली. चिमीने गणवेशाला इस्त्री करून ठेवली आहे. मी ती रोज पाहते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही, तेव्हा उतरत नव्हता तसाच. आता मला कोणत्या खोट्यावर जेवायला घालणार आहात?

मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. ह्यांच्या मागे तुम्ही आमच्यासाठी धावलात ते मी विसरले नाही. पण मी पदर पसरते. तिला खाली ठेवा.

वहिनी

१ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र वाचून जाळून टाका.

नाही पाहिली. बैठक बघायची तर आतली जमीन उचकटावी लागते, खालची हाडं मोकळी करावी लागतात. विमान तीन-चार महिने उभं राहतं. मोजणीवाल्यांकडे एकच अपघात होता, एका अपघाताला कोण एवढं करतो? वनवाल्यांकडेही एकच. माझ्याकडे एकच. तिन्ही एकत्र ठेवले तर लहान पोरसुद्धा सांगेल की आधी बैठक उघडा. ठेवले नाहीत, कारण ठेवायला जागाच नाही.

मी पाय बदलताना बोट आत घालून पाहिलं होतं. बोटाला काहीतरी लागलं. रंगाची घडी असेल, चीर असेल. दिवा आत जात नाही. मी उघडण्याची मागणी केली. साहेब म्हणाले, ‘तुमच्या बोटाच्या सांगण्यावरून मी डोंगरापलीकडची सगळी गावं मरायला सोडू? दुसरं विमान आहे का तुमच्या खिशात?’ माझ्या खिशात नव्हतं. त्यांचंही खोटं नाही वहिनी. त्या विमानाने मागच्या महिन्यात किती माणसं जिवंत आणली ते मला माहीत आहे. विमान उडायला ठीक आहे म्हणून मी सही नाही केली तर शेजारच्या टेबलावरचा करेल. मला निवृत्तीला एक वर्ष आहे. हे कारण नाही, पण आहे.

मला जमलं ते मी केलं आहे. चिमीची ड्युटी बदलली. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना मी ओळखतो, त्यांना म्हटलं, मुलीच्या कानाचा त्रास आहे, वर पाठवू नका. पाच तारखेला दुसरी नर्स जाईल. चिमी चिडेल, चिडू द्या. तिला सांगू नका.

तुम्ही मागितलं होतं ते हेच ना? तिला खाली ठेवा म्हणालात. ठेवली.

भाऊजी

७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मी जाळलेलं नाही. घाबरू नका, कोणाला दाखवलेलंही नाही.

तुमच्याकडे बातमी पोचली असेल. कोणी म्हटलं असेल, नवऱ्याच्या दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली. म्हणू द्या. पोलीस चौकीतल्या बाईने मला चहा दिला आणि विचारलं, ‘आजी, असं का केलंत?’ मी तिला तीन खात्यांचे तीन अपघात सांगितले. तिने लिहून घेतले. मग म्हणाली, ‘ही तर तीन वेगळी विमानं आहेत.’ मी म्हटलं, ‘नाही हो, एकच.’ ती म्हणाली, ‘कशावरून?’ मी म्हटलं, ‘माझ्या पर्सच्या पट्टीवरून.’ तिने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मला तेव्हा स्वतःचाच राग आला. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे, आणि तेवढ्यावर कोणी विमानाची जमीन उचकटत नाही. तुमचं बोट त्यांना हवं आहे.

पोलिसांत नोंद झाली म्हणून विमान सोमवारपर्यंत उभं आहे. साहेब म्हणाले, सोमवारी कोणा जाणकाराने लिहून दिलं नाही तर ते उडेल. मी पुन्हा आत शिरू नये म्हणून गेटवरचा शिपाई बदलला आहे. तुमचं नाव मी कुठेही घेतलं नाही. ते तुमचं तुम्ही घ्या.

आणखी एक. त्या दिवशी डोंगरापलीकडून एका माणसाला आणायचं होतं. विमान गेलं नाही म्हणून त्याला रस्त्याने नेलं. तो पोचला की नाही हे मी रुग्णालयात दोनदा विचारलं. मला कोणी सांगत नाही. चिमीला माहीत आहे, पण ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि आत जाते. तो माणूस माझ्या माथी असेल तर तो मी घेईन, पण मला कळायला हवं.

आता हे का केलं ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलंत, ‘मागितलं होतं ते हेच ना?’

होय, तेच मागितलं होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्यानेच वाचलं. मग ताट वाढून घेऊन जेवले. पोटभर. बऱ्याच दिवसांनी मला अन्नाची चव लागली. चिमी दुपारी रडत घरी आली, ‘माझ्या कानाला काय झालंय? कोणी सांगितलं?’ म्हणत कपाटावर डोकं टेकून उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आतून मला हसू येत होतं. खरं सांगते. तिला रडताना पाहून मला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

चार तारखेला संध्याकाळी दार वाजलं. एक मुलगी उभी होती, चिमीपेक्षाही बारीक, केसांना क्लिप लावलेली. म्हणाली, ‘काकू, चिमीताई आहे का? विमानाचं जाकीट न्यायला आलेय. खात्याकडे एकच आहे, म्हणे तिच्याकडे दिलंय.’ चिमी घरात नव्हती. मी जाकीट काढून दिलं. तिने तिथेच दारात अंगावर चढवून पाहिलं. बाह्या हातावरून खाली लोंबत होत्या. हसली. ‘काकू, बघा ना, आत मी आहे हे कळतंय का? आमच्या आईने बघितलं तर म्हणेल, जाकीटच चाललंय नोकरीला.’

मी म्हटलं, ‘आई कुठे असते?’

‘गावी. तिला सांगितलंच नाही अजून. उडून आले की फोन करणार, नाहीतर रात्रभर देव पाण्यात ठेवून बसेल.’ मग आवाज खाली आणून विचारलं, ‘काकू, तुमच्या घरचे विमानावर होते ना? वर गेल्यावर भीती वाटते का हो?’

मला तिला सांगता आलं असतं. शब्द तोंडात आले होते. पण मी बोलले असते तर ती विचारणार, मग चिमी का जात नाही? म्हणून मी तिच्या बाह्या दुमडल्या. एक घडी, दुसरी घडी, मनगटापर्यंत. वरचं बटण सैल होतं, ते सुईदोरा आणून घट्ट केलं. ती शाळेतल्या मुलीसारखी मान वर करून उभी राहिली. मी म्हटलं, ‘नाही वाटत.’

ती ‘येते काकू’ म्हणून गेली. मी दाराला कडी लावली आणि दारालाच टेकून बसले. भाऊजी, तुम्ही मला ह्यांच्या वेळी जेवावं म्हणून खोटं बोललात. मी त्या मुलीशी का बोलले? तिची आई तिच्या गावात स्वस्थ बसली होती, कारण तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिचा कोणी दीर वर्कशॉपमध्ये नव्हता. एवढाच काय तो तिच्यात आणि माझ्यात फरक.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही भावाच्या मुलीला वाचवलंत, कोणीही तेच करेल. मीही तेच केलं, एक संध्याकाळभर.

सोमवारी या. बोटाला काय लागलं ते जसं मला लिहिलंत तसंच त्यांना सांगा, रंगाची घडी असेल तर घडी, चीर असेल तर चीर. नुसती घडी निघाली तर मी सगळ्यांच्या पाया पडेन, साहेबांच्यासुद्धा. चिमी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

तुम्ही नाही आलात तर मी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही. काय केलं ते मात्र सांगू शकते. पाच तारखेला मी पहिल्या बसने विमानतळावर गेले, शिपायाला म्हटलं, मुलीचा डबा राहिलाय, आणि विमानाच्या डाव्या चाकापुढे जमिनीवर जाऊन बसले.

तुमची वहिनी